एक हजार अंश, दमट हवा

इथे अपघात वेळापत्रकाप्रमाणे होतो.
सोमवारी सकाळी सात चाळीसला
गेरेऑन क्यूपर सायकलला कुलूप घालतो,
चष्म्यावरचं धुकं पुसतो
आणि पंप बंद पडला असं धरून
भट्टी पेटवतो.

धरून चालायचं ते एवढंच:
ती मोठी शेगडी, जी अजून कुणी नीट पेटवलेली नाही,
तिच्यातला सूर्य फुंकरीसरशी विझेल.
त्याची काळजी नाही.
काळजी भिंतीची.
भिंत आठवडे, महिने ऊनच राहते,
आत मुरलेल्या किरणांवर स्वतःला शेकत.
पाणी गेलेलं,
आणि कुठल्याशा फटीतून आत आलेली हवा.
साधी हवा. आपण घेतो ती.

"हवाच वाईट," गेरेऑन म्हणतो
आणि थर्मासचं झाकण घट्ट करतो.

पहिला तुकडा निव्वळ टंगस्टनचा.
नखाएवढा, राखाडी,
आणि हातावर ठेवला की दचकावं इतका जड.
तीन हजार अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही,
म्हणून तर सगळ्यांचा लाडका.
हजारालाच तराजूचा काटा आधी चढला,
मग उतरू लागला,
उतरतच राहिला.
मंगळवारी सकाळी क्वार्ट्झच्या नळीच्या थंड टोकाला
पिवळी भुकटी बसली होती.
हळदीसारखी, मी म्हणाले.
गेरेऑन म्हणाला, मे महिन्यात
मोहरीच्या शेताकडेला उभी केलेली गाडी.
खऱ्या भिंतीवरून उडाली असती
तर हिच्यात किरण असते,
आणि पुढचा पत्ता वाऱ्याने ठरवला असता.

मी त्याला सांगितलं, आमच्या भाषेत धातू म्हणजे
तांबं, लोखंड, आणि क्रियापदाचं मूळसुद्धा.
"मग तेही भट्टीत घालता?"
घालतो की.
पंप चालला असता तर.
फट पडली नसती तर.

दुसरा तुकडा मिश्रधातूचा:
टंगस्टनमध्ये शंभराला बारा भाग क्रोमियम
आणि इट्रियम जेमतेम चवीपुरतं.
क्रोमियम वर येतं,
दुधाने साय धरावी तसा थर धरतं,
आणि हवा बाहेरच राहते.
निदान सेवगीच्या गणितात तरी.

दुसऱ्या रात्री गेरेऑन घरी गेला नाही.
साखर कारखान्याची वाफ खिडकीवर येत होती,
बिटाच्या ट्रॉल्या रस्त्यावर चिखल सांडत जात होत्या.
त्याचं गाव आता नकाशात नाही.
कोळशाची खाण खणत खणत आली,
वर्षाला थोडी, आधी पत्रं पाठवून.
कबरी उचलल्या. चर्चचं घड्याळ उतरवलं.
नव्या वसाहतीत रस्त्यांना जुनीच नावं दिली,
आणि त्याची आई मरेपर्यंत
चुकीच्या दारात किल्ली घालत राहिली.
"तो अपघात नव्हता," तो म्हणाला,
"त्याला परवानगी होती."

विसावा तास. काटा जागच्या जागी.
तिसावा. सेवगीने टेबलाखाली चपला काढल्या,
डब्यातली द्राक्षपानं आम्हाला वाटली.
चाळिसाव्याला ती हळूच म्हणाली, टिकतंय.

बेचाळिसाव्या तासानंतर झाकण उघडलं तेव्हा
सगळा तुकडा हिरवट काळा, शांत.
एका कोपऱ्यावर तेवढा पिवळा ठिपका,
मोहरीच्या दाण्याहून लहान.

सेवगीने वहीत लिहिलं: कडेला थर फुटला.
गेरेऑनने वही आपल्याकडे ओढली,
खाली ठसठशीत अक्षरात भर घातली:
कापताना करवत घसरली होती.
पुढच्या रकान्यात, कोणाकडून:
क्यूपर.

मग कानस घेऊन
नव्या तुकड्याचे कोपरे घासत बसला,
दर चार हातांनी
अंगठ्याने चाचपून बघत.
बाहेर ट्रॉलीतून बीट पडलं एक,
कुणीतरी हॉर्न वाजवला,
त्याने मान वर केली नाही.